आतून ना?

"ऊठ तिथून," रेक्टरबाई म्हणाल्या. "मुलींच्या पंगतीत बसू नकोस. वास येतो."

भात वाढून झाला होता. आमटी यायची होती. मी ताट हातात घेऊन उभी राहिले. कुठे जायचं ते कळेना. बाईंनी बोटानं दाखवलं. मोरीच्या दाराशी, खरकटी भांडी ठेवतात तिथे. आणि हे सगळं करताना त्यांनी नाकाला पदर लावला होता. लांबून. त्या पंगतीच्या त्या टोकाला, मी या टोकाला. मधे सगळं बोर्डिंग जेवत होतं. एवढ्या लांबून वास घेणारं नाक मी नंतर कधी बघितलं नाही.

कसला वास, ते त्या बोलल्या नाहीत. गरज नव्हती. बाईमाणसाला वास येतो म्हटलं की कुठला, ते सगळ्यांना कळतं. एक मुलगी फिसकन हसली. बाकीच्या ताटात बघत राहिल्या. मी मोरीच्या दाराशी बसले आणि सगळं ताट संपवलं. ताटात अन्न टाकलं तर त्याचीही शिक्षा होती. 

मी तेव्हा बारावीत होते, सायन्सला. आमचं गाव रत्नागिरीपासून आत, संगमेश्वरच्या बाजूला. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धवाडी. वडील मुंबईला गोदीत. आई दुसऱ्यांच्या शेतात. गावाजवळ कॉलेज नव्हतं. म्हणून हे रत्नागिरीतलं बोर्डिंग. शहरातल्या चांगल्या चांगल्या लोकांनी काढलेलं. दारावर पाटी होती, 'गरीब व होतकरू मुलींसाठी'. ती पाटी रोज येता-जाता वाचावी लागायची. बोर्डिंग गेलं की बारावी गेली, आणि बारावी गेली की लग्न, हा हिशेब प्रत्येक मुलीला पाठ होता. बाईंनाही पाठ होता. त्यावरच त्यांचं राज्य चालायचं.

बाई पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या साडीत असत. पावडरीचा घमघमाट. "मी तुमची आईच आहे," असं त्या पाहुण्यांसमोर म्हणायच्या. दर रविवारी स्वच्छतेवर भाषण. नखं, केस, कपडे, मग आवाज खाली आणून 'ते'. "तुमच्या वाड्यावाड्यांतून तुम्हाला या सवयी लागलेल्या नसतात," असं म्हणून सुरुवात. आमच्यात कुणबी मुली होत्या, भंडारी होत्या, मी होते. बाईंना सगळ्या सारख्याच. एका बाबतीत तरी त्यांनी जातिभेद पाळला नाही. आम्ही सगळ्या घाण.

माझी आई उन्हाळ्यात लांबच्या विहिरीवरून डोक्यावर हंडा आणायची आणि त्यातलं पाणी राखून रोज आंघोळ करायची. नारळाच्या सोडणानं, वरच्या काथ्यानं, अंग घासायची. हे बाईंना कोण सांगणार? त्यांच्या न्हाणीघरात नळ होता. नळ असला की माणूस आपोआप स्वच्छ होतो, असा त्यांचा समज.

आता न्हाणीघरातल्या मगाबद्दल सांगते.

पाळीच्या चौथ्या दिवशी सकाळी मुलीनं बाईंकडे जायचं. बाई कपाटातून तपकिरी औषधाची बाटली काढायच्या. संडास-मोरी धुवायला आणलेली, तीच. प्लॅस्टिकच्या मगात पाणी घेऊन त्यात औषध ओतायच्या. पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. तो मग घेऊन न्हाणीघरात जायचं आणि धुवायचं. वरून नाही, आतून. बाई बाहेर दारापाशी उभ्या. आतल्या मुलीला विचारायच्या:

"आतून ना?"

"हो बाई."

एवढं झाल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, प्रार्थनेला बसायचं नाही. बाजूला बसवणं जुनाट झालं, आम्ही सुधारलेले, आमचं सगळं शास्त्रशुद्ध, असं बाईंचं म्हणणं. गावात चार दिवस बाहेर बसवत. इथे चार दिवस बसवत आणि वर औषध घालत. ही सुधारणा.

पाळीच्या कपड्यांचंही शास्त्र होतं. ते जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत वाळत घालायचे, वर दुसरा कपडा टाकून. कुणाला दिसता कामा नयेत. आमच्याकडे पावसाळ्यात अंगणातला दगडसुद्धा ओला राहतो. कपडे दमट असायचे, कुबट. तसेच वापरायचो.

मी शहाणी मुलगी. आज्ञाधारक. पहिल्या महिन्यात आग झाली. वाटलं, घाण जळते आहे. दुसऱ्या महिन्यात खाज सुटली. वर्गात बाकावर बसवेना. पांढरं जायला लागलं, पातळ, आणि खरंच वास यायला लागला. शिळ्या मासळीचा. बाईंना सांगितलं. त्यांना आनंदच झाला. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं.

"बघ. मी म्हणतच होते. नीट धूत नाहीस तू."

मग महिन्यातून एकदाचा मग आठवड्याला झाला. शिवाय मी स्वतः होऊन साबण लावायला लागले. आत, बोटानं. रोज. जितकी धुवावी तितकी खाज. जितकी खाज तितकी धुलाई. मला वाटायला लागलं की मी आतून कुजले आहे. आईला सांगावं तर ती गावी, आणि सांगणार तरी कोणत्या शब्दांत? आमच्या घरात त्या जागेला नावच नव्हतं. 'खाली' म्हणायचे. खाली म्हणजे कुठे? कमरेपासून पायांपर्यंत सगळं खालीच.

कॉलेजात जीवशास्त्र होतं. तिथे तरी कळेल असं वाटलं. सर त्या धड्यापाशी आले, खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "हा भाग घरी वाचा." मुलगे हसले. मुलींनी माना खाली घातल्या. बेडूक फाडताना याच सरांचा हात जराही थरथरला नव्हता. मी घरी वाचलं. म्हणजे बोर्डिंगच्या गच्चीवर. पुस्तकातली बाई मधोमध चिरलेली होती, कडेनं बघितलेली. तिला डोकं नव्हतं, पाय नव्हते. बाणाच्या टोकाला इंग्रजी नावं. ती आकृती माझ्या कोणत्या भागाची, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. लघवीची वाट आणि पाळीची वाट एकच, अशी माझी बारावीपर्यंत समजूत होती. सायन्सला होते मी.

पंगतीतून उठवलं त्या संध्याकाळी बाईंनी खोलीत बोलावलं. "या महिन्यात सुधारली नाहीस तर घरी पाठवीन. बाकीच्या मुलींना लागण नको. मला सगळ्यांचा विचार करावा लागतो." आवाजात केवढी कळकळ. परीक्षा तोंडावर आली होती.

माझ्या शेजारच्या कॉटवर सुनंदा होती. राजापूरकडची, कुणब्याची. तोंडाळ, पण बाईंसमोर गाय. मी रडत होते तेव्हा ती माझ्या कॉटवर येऊन बसली. मी सगळं सांगितलं. औषधाचा मग, साबण, खाज. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"येडी काय गो तू? ता आत घालतंस?"

"तू नाही घालत?"

"मना काय खाज हाय काय? मी मोरीत ओततंय नि 'हो बाय' म्हनतंय."

मला तिचा रागच आला. मी इमानदारीत कुजले आणि ही लबाडी करून ठणठणीत. राग आला आणि तिथेच डोक्यात काहीतरी खटकलं. जी धूत नाही तिला काही नाही. जी धुते तिला सगळं. हे स्वच्छतेच्या कुठल्या नियमात बसतं?

त्याच आठवड्यात रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला लिटमस होता. आम्ल निळ्या कागदाला तांबडं करतं, अल्क तांबड्याला निळं, हे आम्हाला शाळेपासून ठाऊक. मी काही पट्ट्या कंपासमध्ये टाकून आणल्या. दुपारी बाई झोपायच्या. न्हाणीघरात जाऊन आधी साबणाच्या पाण्यात पट्टी बुडवली. तांबडीची निळी झाली. मग निळी पट्टी स्वतःला लावली. निळीच राहिली, जराशी मळकी. मग सुनंदाला पट्टी दिली. ती आधी "शी" म्हणाली, मग हसत आत गेली. बाहेर आली तर तिची पट्टी तांबडी. चांगली लालबुंद.

"अगे आवशी!" ती म्हणाली. "माज्यात कोकम हाय काय गो?"

आम्ही दोघी हसलो. किती दिवसांनी हसले मी. मग मी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. सुनंदाच्या अंगात काहीतरी आंबट होतं, आणि माझ्यातलं ते गेलं होतं. कशानं गेलं तेही समोर होतं, साबणदाणीत. पण कागदाच्या दोन पट्ट्यांवर माझा विश्वास बसेना. पट्टी खरी, की इस्त्रीची साडी खरी? सतरा वर्षं मला इस्त्रीच्या साडीवर विश्वास ठेवायला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. बाकावर बायकाच बायका, पोरं कडेवर, कुणी माहेरवाशीण पोट धरून. डॉक्टरबाई देशावरच्या होत्या, बोलण्यावरून कळलं. तरुण, दमलेल्या, चिडक्या. माझं ऐकून घेतलं आणि एकदम भडकल्या.

"कुणी सांगितलं हे आत घालायला?"

"रेक्टरबाईंनी."

"त्यांना सांगा, फरशी पुसा त्यानं."

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. "तपासू का? चालेल तुला?"

मला विचारलं. माझ्या अंगाला हात लावण्याआधी कुणी मला विचारलं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मला रडू कोसळलं. त्या थांबल्या. मी हो म्हटल्यावर कापूस गुंडाळलेल्या काडीनं जेवढं लागतं तेवढंच घेतलं, आणि हात धुता धुता बोलत राहिल्या. बाहेर रांग होती. त्यांना घाई होती. पण एकही शब्द गाळला नाही. योनी म्हणाल्या, सरळ, जसं कोपर म्हणावं, गुडघा म्हणावं.

तीन वाटा असतात, त्या म्हणाल्या. पुढे लघवीची, अगदी बारीक. तिच्या मागे योनी. तिच्या मागे शौचाची. बाहेर दिसतात ते ओठ, मोठे आणि त्यांच्या आत लहान. ते नुसत्या पाण्यानं धुवायचे, पुढून मागे. मागून पुढे नाही. आतल्या वाटेला हात लावायचा नाही. ती आपली आपण धुतली जाते. पांढरं जातं ते तिचं धुणंच. महिन्याच्या मधे ते पातळ होतं, पुढे दाट होतं, तो रोग नव्हे. आत जंतू राहतात, चांगले. दुधाचं दही करणारे असतात ना, त्यांचेच भाऊबंद. ते सगळं आंबट राखतात, पीएच चारच्या आसपास. त्या आंबटात वाईट जंतू टिकत नाहीत. साबण नऊ-दहाच्या घरातला. तू रोज साबण घातलास, वर औषध. चांगले सगळे मारलेस. घर रिकामं झालं आणि दुसरे येऊन बसले. तो वास त्यांचा.

"पाळीत रक्तानंही आंबटपणा उतरतो," त्या म्हणाल्या. "तेव्हा तर मुळीच छेडायचं नाही. कपडे उन्हात वाळव. खाज, आग, असा वास, हिरवं-पिवळं किंवा दह्यासारखं गाठीगाठीचं, असं काही झालं तर दवाखान्यात यायचं. न्हाणीघरात नाही."

गोळ्या दिल्या. पुढच्या बाईला हाक मारली. झालं. बारा वर्षं शाळा-कॉलेजात जे शिकवलं नाही ते एका चिडक्या बाईनं हात धुता धुता शिकवलं.

परत आल्यावर सुनंदाच्या पावडरीच्या डबीतला आरसा घेऊन मी दुपारी खोलीचं दार लावलं आणि बघितलं. पुस्तकातल्या चिरलेल्या बाईसारखं काहीच नव्हतं तिथे. लाल झालेलं, सुजलेलं, माझं स्वतःचं अंग होतं. तिन्ही जागा सापडल्या. मला लाज वाटली नाही. भयंकर चीड आली. एवढ्याशा जागेवर एवढा छळ केला मी, एका पावडर लावलेल्या बाईच्या सांगण्यावरून.

गोळ्या घेतल्या. साबण बंद केला. बाईंनी आठवड्याला दिलेले मग सुनंदासारखे मोरीत ओतले. खाज गेली, मग वास गेला. कपडे मी गच्चीवर, भर उन्हात घातले. बाईंनी ते काठीनं काढून जिन्याखाली टाकले, मी पुन्हा नेऊन घातले. बाई बघत होत्या. मनात आलं असतं तर मीही परीक्षेपर्यंत 'हो बाई' म्हणत निघून गेले असते. सुनंदा तेच म्हणत होती. "गप ऱ्हा गो. परीक्षा दे नि जा." तिचं चुकत नव्हतं. पण 'आतून ना?' असं कुणीतरी दाराबाहेरून विचारावं आणि मी आतून हो म्हणावं, हे मला आता नुसतं ऐकूनही मळमळायला लागलं होतं. खोटं हो सुद्धा.

पुढच्या पाळीचा चौथा दिवस आला. सकाळची वेळ. मुली गरम पाण्यासाठी बादल्या घेऊन उभ्या. बाईंनी मग पुढे केला.

"नको," मी म्हटलं.

"काय नको?"

"हे औषध. मी आत काही घालणार नाही."

"हळू बोल."

"पंगतीत तुम्ही हळू बोलला नव्हतात."

बादल्यांचे आवाज थांबले. बाईंचा चेहरा लाल झाला. मी बोलत गेले.  मी म्हटलं, योनी आपली आपण स्वच्छ राहते. या औषधानं माझ्या योनीला रोग झाला. दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी सांगितलं, असलं काही घालायचं नाही.

"शी! शी! काय हे शब्द!" बाईंनी कानावर हात ठेवले. "मुलींसमोर!"

मुलींसमोर. ज्यांच्या आत त्या महिन्याच्या महिन्याला औषध घालत होत्या त्या मुलींसमोर त्या जागेचं नाव घ्यायचं नाही.

बाईंची मुलगी आमच्याच कॉलेजात होती. बोर्डिंगच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहायची. मी विचारलं, "तुमच्या मुलीला देता का हा मग?"

बाई पटकन बोलून गेल्या. विचार करायला वेळच मिळाला नाही, म्हणून खरं बोलल्या.

"तिची गोष्ट वेगळी. ती चांगल्या घरात वाढलीये."

बस. एवढंच शास्त्र होतं. जंतू नव्हते, आरोग्य नव्हतं, स्वच्छता नव्हती. चांगलं घर आणि वाडी, एवढंच त्या बाटलीत भरलेलं होतं. मी मग घेतला आणि फरशीवर उलटा केला. पांढरं पाणी बाईंच्या चपलांपर्यंत गेलं. त्या मागे सरल्या.

दोन दिवसांनी संस्थेच्या मंडळींपुढे मला उभं केलं. वकील, व्यापारी, निवृत्त हेडमास्तर. सगळे धुतलेले, परीटघडीचे. बाई म्हणाल्या, हिनं सगळ्यांसमोर अश्लील शब्द उच्चारला. हेडमास्तरांनी विचारलं, कोणता? बाई गप्प. पुन्हा विचारलं. बाईंनी पदराचं टोक पिरगाळलं. वकील छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी सांगू का? तर सगळे एकदम, "नको, नको." शेवटी शिस्तभंग असा ठराव केला. ज्या शब्दासाठी मला काढलं तो शब्द त्या खोलीत एकालाही तोंडातून काढता आला नाही. आणि आम्ही घाण.

मला बोर्डिंगमधून काढलं. सुनंदाची मावशी खाडीपलीकडे भाट्याला राहायची, तिच्या पडवीत जागा मिळाली. तिथून ये-जा करून मी बारावी दिली. पास झाले. पुढे शिकले, नोकरीला लागले. बोर्डिंगमधला तो औषधाचा मग काही बंद झाला नाही. पुढल्या वर्षी नव्या मुली आल्या, बाईंनी त्यांनाही दारापाशी उभं राहून विचारलं, हे मला नंतर कळत राहिलं. मला काढल्यानं कुणाचं काही बिघडलं नाही.

अजूनही कुणी भेटतं आणि म्हणतं, काही झालं तरी त्या संस्थेनं तुला दीड वर्षं जेवू घातलं, उपकार विसरू नये. मी विसरलेले नाही. त्यांनी अन्न दिलं आणि बदल्यात एवढंच मागितलं की मी स्वतःला घाण समजावं. पुष्कळ मुलींनी दिलं ते. मीही देत होते, इमानदारीनं, साबण लावून.

आता देणार नाही. जिथे चार मुली भेटतात तिथे मी बसते आणि सांगते. तीन वाटा, आंबटपणा, साबण, ऊन, सगळं, शब्द न गाळता. कुणाची आई उठून जाते, कुठली मुख्याध्यापिका खिडक्या लावून घेते. जाऊ दे. लावू दे. ज्यांना माझ्या अंगाचं नाव घेता येत नाही त्यांच्याकडून मी त्याची स्वच्छता शिकणार नाही. आणि पुन्हा कुणी मला किंवा माझ्यासमोर दुसऱ्या कुणा मुलीला घाण म्हटलं, तर मी त्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारणार आहे: कुठे? नाव घेऊन सांग.